पट्टीवाला कूलर

मी इंडस्ट्रियल डिझाईन शिकवते असं सांगितलं की आमच्या जळगावात लोक दोनच प्रश्न विचारायचे. "म्हणजे फॅशनचं का?" हा पहिला, आणि "मग आमच्या बंगल्याचा नकाशा काढून द्याल का?" हा दुसरा. सुरुवातीला मी समजावून सांगायचे. पुढे पुढे दोन्ही प्रश्नांना नुसतं "हो" म्हणायला लागले, आणि तब्येत सुधारली.

आता निवृत्त झाल्यावर दिवाळी अंकाच्या संपादकांना माझी आठवण झाली. म्हणाले, "अनुभव लिहा ताई, पण हलकंफुलकं." हलकंफुलकं म्हणजे कुणाचं नाव न घेता, हे मला कळतं. इतकी वर्षं कॉलेजात काढली आहेत मी.

तर आधी हा धंदा काय आहे ते सांगते. तुमच्या घरातल्या झाऱ्याचा दांडा कुठे जाड आणि कुठे बारीक असावा, कुकरच्या झाकणाला हात भाजू नये म्हणून काय करावं, हे कुणीतरी डोकं लावून ठरवलेलं असतं. त्या कुणीतरीचं नाव कुणालाही माहीत नसतं. दांडा चांगला असला तर सुगरणीचं कौतुक होतं आणि तुटला तर कंपनीच्या नावाने शंख होतो. हे असं बिननावाचं काम करायला मी पोरांना शिकवायचे. धुळ्याबाहेर हायवेला लागून आमचं कॉलेज होतं. तिथल्या कार्यशाळेत ड्रिल मशीनवर साडीचा पदर खोचून उभी राहणारी बाई म्हणजे मी.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाचा एक प्रोजेक्ट असायचा. त्यात कामं दोन. वस्तू करायची, आणि ती कशी केली ते अहवालात लिहायचं. वस्तू करायला पोरं कंटाळायची, पण लिहायला बसली की काय प्रतिभा! उन्हात एक तास न काढलेला पोरगा "ग्रामीण वापरकर्त्याशी सखोल संवाद" असं प्रकरण लिहायचा. त्या संवादातला शेतकरी नेहमी बेचाळीस वर्षांचा असायचा, त्याचं नाव नेहमी रमेश असायचं आणि त्याची कंबर नेहमी दुखत असायची. एका वर्षी मी सगळे अहवाल एकापाठोपाठ एक वाचले तेव्हा मला वाटलं, एकच रमेश बिचारा सगळ्या वर्गापुढे कंबर धरून उभा आहे. त्याला कुणी खुर्ची तरी द्या.

एकाने केळीचा घड पाठीवर वाहायची पिशवी केली होती. दिसायला झकास. अहवालात रावेरकडच्या बागेतले फोटोही होते. फोटोतला मजूर म्हणजे वर्गातलाच मुलगा. त्याच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर केळीच्या चिकाचा एकही डाग नव्हता. केळीच्या बागेत जाऊन शर्ट पांढरा राहिला, यासाठी खरं म्हणजे त्या मुलाला वेगळं बक्षीस द्यायला हवं होतं.

आणि ती स्केचेस! नियम असा की आधी स्केच काढायची, मग त्यातून वस्तू करायची. आमच्याकडे वस्तू आधी व्हायची. अहवाल द्यायच्या आठवड्यात हॉस्टेलमध्ये बसून त्या वस्तूची "सुरुवातीची स्केचेस" काढली जायची. ती जुनी दिसावीत म्हणून कागदावर चहाचे कप ठेवायचे. काही हुशार पोरं तर बाद केलेल्या कल्पनाही नंतर काढायची, म्हणजे जी कल्पना कधी सुचलीच नव्हती ती विचारपूर्वक बाद केल्याचं लिहायची. कागदावरचे चहाचे डाग बघून आमचे साहेब, म्हणजे विभागप्रमुख, खूश व्हायचे. म्हणायचे, "काय प्रोसेस आहे!"

या साहेबांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना चूक या गोष्टीचा फार राग होता. अहवालात कुठेही चूक, अडचण, फसलं, हे शब्द दिसता कामा नयेत. फसलेलं मॉडेल असेल तर "प्राथमिक आवृत्ती" म्हणायचं. मोडलं तर "ताणाची चाचणी घेतली" असं लिहायचं. त्यांच्या हाताखालून गेलेला अहवाल वाचला की वाटायचं, पोरगं पाळण्यातूनच ही वस्तू घेऊन आलं आहे.

हे असं सगळं सुखात चाललं होतं, आणि त्यात हर्षदा आली.

हर्षदा भडगावची. बोलणं कमी आणि हाताला सारखं काहीतरी काम लागायचं. प्रोजेक्टचा विषय विचारला तर म्हणाली, "कूलर." वर्ग हसला. बाकीच्यांचे विषय विजेवर चालणाऱ्या गाड्या आणि बोलणारे दिवे असे होते. आणि ही पत्र्याचा कूलर घेऊन बसलेली.

"का गं कूलर?" मी विचारलं.

"आईची कंबर, मॅडम."

मी मनात म्हटलं, झालं, रमेश साडी नेसून आला. पण ही आई खरी निघाली. कापूस वेचून वेचून तिच्या कंबरेचा पार भुगा झाला होता. खानदेशात उन्हाळ्यात कूलरशिवाय माणूस शिजतो, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आणि कूलरला पाणी लागतं. ते भरायचं म्हणजे बाजूची जाळी काढायची, आतली वाळ्याची ओली ताटी सरकवायची, मग भरलेला हंडा घेऊन वाकायचं. अर्धं पाणी कूलरमध्ये आणि अर्धं फरशीवर. हर्षदा घरी असली की ती भरायची. ती धुळ्याला शिकायला आल्यावर आईने कूलरच बंद करून टाकला. म्हणायची, "माले नई लागत गरम." पोरीला ते खरं वाटत नव्हतं, आणि खरं नव्हतंच.

हर्षदाने केलेली वस्तू सांगायला अगदी साधी आहे. कूलरच्या बाजूला कंबरेच्या उंचीवर पत्र्याचं एक पसरट तोंड, आणि त्याच्यापुढे हंडा ठेवण्यापुरता टेकू. हंडा टेकूवर ठेवायचा आणि नुसता कलवायचा. जाळी काढायची नाही, वाकायचं नाही. टेकूचा कोन जमेपर्यंत ती किती वेळा भिजली ते कार्यशाळेतल्या सगळ्यांनी पाहिलं. हंडा घसरायचा, ही ओलीचिंब व्हायची, पुसायची आणि परत सुरू.

पत्रा वाकवायचं आमचं मशीन कायम बंद असायचं, म्हणून मी तिला धुळ्याच्या बाजारात रशीदभाईंकडे पाठवलं. कूलर, कोठ्या, पेट्या करण्यात रशीदभाईंचा हात धरणारा कुणी नव्हता, असं रशीदभाई स्वतःच सांगायचे. त्यांनी पत्रा वाकवून दिला. मग ती खोकं घेऊन कॉलेजात आली. आणि इथे घोळ झाला.

टाकीत पाणी जास्त झालं तर बाहेर पडावं म्हणून मागच्या बाजूला एक भोक ठेवतात. हर्षदाने खोकं उलटं करून ठेवलं होतं. ते फिरवताना पुढची बाजू मागे गेली आणि बाईसाहेबांनी कूलरच्या ऐन तोंडावर, खालच्या कोपऱ्यात भोक पाडलं. तेही ड्रिल घसरून तिरकं, लांबट. मी तिथेच होते. तिचा चेहरा असा झाला की मला रागवताही येईना. दुसरा पत्रा घ्यायला वेळ नव्हता. तिने आतून डांबर लावलं, बाहेरून एक तिरकी पट्टी चार स्क्रूंनी बसवली, रंग मारला, आणि मागे नीट भोक पाडलं. मग मोटार बसवायला कूलर परत रशीदभाईंकडे गेला आणि थोडे दिवस तिथेच राहिला.

अहवालात तिने सरळ लिहिलं: "इथे माझं भोक चुकलं. म्हणून पट्टी लावली."

साहेबांनी ते वाचलं आणि त्यांना घाम फुटला. "हे काय लिहिलंय? बाहेरचे परीक्षक वाचणार आहेत हे!" मी म्हटलं, "वाचू देत की. खरं आहे." तर माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू मीच ते भोक पाडलं होतं. हर्षदाला समोर बसवून त्यांनी नवीन वाक्य सांगितलं आणि तिने निमूट उतरवून घेतलं. "समोरील तिरकी पट्टी हे या उत्पादनाचे ओळखचिन्ह असून ती गतिमानता सूचित करते." कूलर एका जागी उभा राहतो, तो कुठे निघालाय ते मला अजून कळलेलं नाही.

परीक्षा मे महिन्यात. धुळ्याचा मे! हॉलमध्ये बाहेरचे परीक्षक येणार म्हणून साहेबांनी मंडपवाल्याकडून कूलर भाड्याने आणवले. ते कडेला लावले गेले आणि भर्र करून सुरू झाले. त्यांच्याकडे कुणीही बघितलं नाही, मीसुद्धा नाही. वीस लोक डिझाईन शिकलेले त्या हॉलमध्ये, आणि चालू असलेल्या वस्तूकडे बघायचं कुणाच्या मनात आलं नाही.

परीक्षक पुण्याचे होते. शांत, चष्मा नाकावर उतरलेला, सगळं ऐकून घेणारे. हर्षदाने आपला कूलर दाखवला. हंडा टेकवला, कलवला, एक थेंब सांडला नाही. माझी छाती फुगली. परीक्षकांनी अहवाल उघडला, ते ओळखचिन्हाचं वाक्य मोठ्याने वाचलं आणि मग हॉलच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"मग तो कुणाचा आहे?"

सगळे वळले. कोपऱ्यात मंडपवाल्याचा कूलर. बाजूला तेच पसरट तोंड, तोच टेकू. आणि पुढे खालच्या कोपऱ्यात तीच तिरकी पट्टी, चार स्क्रू. फक्त रंग निळ्याऐवजी हिरवा.

"बाजारात मिळणारी वस्तू उचलायची, रंग बदलायचा आणि अहवाल लिहायचा," परीक्षक म्हणाले. आवाज जराही चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली. "नापास करणं हे तर झालंच, पण असली चोरी कॉलेजने वर कळवायला हवी. नाही का?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्या डोळ्यांपुढे एकदम रशीदभाई उभे राहिले आणि मी मनातल्या मनात त्यांना जे बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. मी उठून म्हटलं, "सर, हे तिने माझ्यासमोर केलंय." परीक्षक म्हणाले, "मॅडम, गाइड असंच म्हणणार." त्यांचं काय चुकलं? मी हर्षदाची स्केचेस पुढे केली. ती त्यांनी हातात घेतली आणि परत ठेवली. म्हणाले, "स्केचेस कधी काढतात ते मलाही माहीत आहे. मीही विद्यार्थी होतो." चहाचे डाग पाडणाऱ्या माझ्या सगळ्या लाडक्या बाळांनो, त्या दिवशी तुमची फार आठवण आली मला.

आता पोरीची पंचाईत बघा. पट्टी हे ओळखचिन्ह असेल, तर ते बाजारात आधीच आहे आणि ती चोर आहे. पट्टी चूक झाकायला असेल, तर अहवाल खोटा आहे आणि ती खोटारडी आहे. पदवी दोन्हीकडून जाते. ती साहेबांकडे बघत होती आणि साहेब छताकडे.

हर्षदाने ओढणी खोचली आणि हत्यारांच्या पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढला.

"सर, अहवालातलं ते वाक्य खोटं आहे," ती म्हणाली. "ती पट्टी चुकलेलं भोक झाकायला लावलीय." तिने आपल्या कूलरचे चारही स्क्रू काढले आणि पट्टी उचकटली. खाली ते तिरकं, लांबट भोक, आणि त्यातून डोकावणारं डांबर. मग ती चालत कोपऱ्यात गेली, मंडपवाल्याचा कूलर बंद केला आणि त्याचीही पट्टी काढली.

खाली कोरा पत्रा. स्क्रूंची चार बारीक भोकं तेवढी, मधे काहीच नाही. झाकायला काही नव्हतं आणि तरी ते झाकलेलं होतं.

परीक्षक खुर्चीवरून उठले, वाकले, आणि त्या कोऱ्या पत्र्यावरून त्यांनी बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत होते. मग चष्मा काढून हसायला लागले. हॉलमधल्या सगळ्यांना हसू फुटलं. हर्षदा मात्र हसत नव्हती, ती नुसती उभी होती.

"मग हे ओळखचिन्ह वगैरे का लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"आधी खरंच लिहिलं होतं सर. ते बसत नव्हतं."

"कशात बसत नव्हतं?"

"फॉरमॅटमध्ये."

तिने साहेबांचं नाव घेतलं नाही. मी घेणार होते, तोंड उघडलंही होतं, पण तिने माझ्याकडे बघून मान हलवली. परीक्षकांनी साहेबांकडे एकदा पाहिलं. तेवढं पुरलं असावं, कारण साहेबांनी ताबडतोब सगळ्यांसाठी उसाचा रस मागवला. हर्षदा पास झाली. अट एकच, ते पान बदलून द्यायचं. तिने आपलं जुनं वाक्य जसंच्या तसं परत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत रशीदभाईंच्या दुकानात गेले. बाहेर पट्टीवाल्या कूलरची रांग लागलेली.

"रशीदभाई, लाज वाटत नाही? पोरीचा माल उचलला तुम्ही!"

"उचलला मंजे?" ते खरंच चकित झाले. "बाई, दुकानात नवा माल आला की आपण आधी त्याच्या मापाचा फर्मा कापून ठेवतो, तसाच दुसरा बनवायला. बाजारात सगळेच ठेवतात. माझी पेटी तर पार नंदुरबारपर्यंत लोकांनी उचलली, मी कधी काही बोललो? माल चांगला असल्याशिवाय कोण हात लावतं? तुमची पोर हुशार शे. बठ्ठं तसंच बनवलं मी, काहीच सोडलं नाही."

"ती पट्टी कशाला लावली?"

"डिझाईन शे ना बाई!"

मी सांगितलं पट्टीखाली काय होतं ते. रशीदभाई खाली बसले. "या अल्ला," म्हणाले, "ती तिरकी बसत नाही म्हणून कारागिरांना किती शिव्या दिल्या मी!" भांडायला गेलेली मी तिथे पोट धरून हसले. मग त्यांच्याकडचा चहा प्यायले आणि परत आले. आजही मला ठरवता येत नाही की त्या माणसाने पोरीला लुबाडलं की तिला मिळालेली सगळ्यात खरी शाबासकी त्याचीच होती.

पुढची गंमत ऐका. रशीदभाईंनी पट्ट्या लावायचं बंद केलं, तर गिऱ्हाइकं माल परत करायला लागली. "हा तो नाही, पट्टीवाला द्या." झक मारत पट्टी परत आली. शिरपूरकडच्या बाजारात दुसऱ्यांचे कूलर आले, त्यांनाही पट्टी. आमच्या साहेबांना हे कळलं तेव्हा ते मला म्हणाले, "बघा, मी म्हटलंच होतं, ओळखचिन्ह!" मी हात जोडले.

आणि कॉलेजात काय झालं? पुढच्या वर्षी अहवालाच्या फॉरमॅटमध्ये एक नवीन प्रकरण आलं: "माझी चूक आणि तीतून मिळालेला धडा." सक्तीचं. पोरं हॉस्टेलमध्ये बसून चुका तयार करायला लागली. काय सुबक चुका! रंगीत छापलेल्या, चहाच्या डागांसकट. एका मुलाने तर दोघा मित्रांना एकच चूक दिली आणि तिघेही पकडले गेले. मी आणखी थोडी वर्षं ते वाचलं आणि निवृत्त झाले. वाईट वाटतं ते याचंच. इतकी वर्षं शिकवलं, पण चूक चूक म्हणून लिहायला ज्या एका पोरीला जमलं, तिला ते मी शिकवलेलं नव्हतं.

हर्षदा आता पुण्याच्या एका कंपनीत मिक्सरच्या भांड्यांची झाकणं करते. तिचं नाव त्या झाकणांवर नसतं. गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला, भडगावहून.

"मॅडम, आईने बाजारातून कूलर आणला. मला न विचारता."

"कुठला?"

"पट्टीवाला. दुकानदाराने सांगितलं म्हणे, यात वाकावं लागत नाही." ती हसत होती. "मी म्हटलं, आई, हा मी केलाय. तुझ्यासाठी केला होता. तर तिचा विश्वासच बसेना. म्हणते, तुन्हा शे तर तुन्हं नाव कोठे शे? आहेरना तांब्यावर बी नाव टाकेल ऱ्हास."

नक्कल करणाऱ्यावर केस करता येते, पेटंट घेता येतं, हे सगळं मी वर्गात शिकवलं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य त्या माउलीपुढे चाललं नसतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, शेजारच्या सुताराचं ड्रिल आणलं. पट्टी काढली, त्याच जागी भोक पाडलं. मुद्दाम घसरवलं, मॅडम, अगदी तसंच तिरकं. आतून डांबर लावलं आणि पट्टी परत लावून टाकली."

"अगं! आई ओरडली नाही?"

"ओरडली ना. चांगल्या वस्तूला भोक का पाडलं म्हणाली. मी म्हटलं, नाव टाकलं."